नट आवळला की वळेना, सैल केला की थरथरे: स्लॅलमच्या ट्रकचं ‘ये रे माझ्या मागल्या’

स्लॅलम म्हणजे ओळीत मांडलेल्या शंकूंमधून स्केटबोर्ड नागमोडी काढणं, आणि ट्रक म्हणजे बोर्डाखालची चाकं धरणारी, वळणारी जोडणी. या ट्रकबद्दलची तक्रार दर वेळी एकाच साच्यातली असते. पहिले पाच-सहा शंकू झकास जातात. सातव्याला बोर्ड किंचित उशिरा वळतो, आठव्याला आणखी उशिरा, नववा आडवा. मग पाना काढून पुढच्या ट्रकचा किंगपिन नट, म्हणजे ट्रकच्या मधल्या मोठ्या बोल्टवरचा नट, अर्धा फेरा सैल केला जातो. आता बोर्ड वळतो, पण उतारावर वेग आला की मागचा भाग थरथरायला लागतो. नट परत आवळला जातो. थरथर थांबते, वळणही थांबतं. पहिले पाढे पंचावन्न.

मी स्वतः या चक्रात दोन महिने होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आधी एक भाषेची अडचण मिटवू. आपल्याकडे अंशात मोजतात तोही कोन आणि रस्त्यावर मांडतात तोही कोन. ‘कोन बदल’ असं कुणी सांगितलं की नेमकं काय बदलायचं ते कळत नाही. म्हणून इथे कोन म्हणजे फक्त अंशातला. रस्त्यावरचे ते शंकू.

नटाने हे का सुटत नाही

ट्रकच्या वागण्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असतात. बोर्ड झुकवल्यावर एक्सल (चाकांचा दांडा) किती वळतो, हे भूमिती ठरवते. तेवढं झुकवायला किती जोर लागतो, हे बुशिंग, म्हणजे किंगपिनभोवतीची युरेथेनची लवचिक कडी, ठरवतं. आणि या दोन्हीच्या मध्ये किती ‘प्ले’ आहे, म्हणजे काहीही न होता किती खडखड होते, हे पिव्हट कप (ट्रकचं टोक ज्यात टेकून फिरतं ती वाटी), बुशिंगची बैठक आणि चाकांची बेअरिंगं ठरवतात. किंगपिनचा नट यातल्या फक्त दुसऱ्या गोष्टीला हात लावतो, तोही वरवर. तो बुशिंगला आधीच थोडं दाबून ठेवतो, बास. पहिली आणि तिसरी गोष्ट बिघडलेली असताना नट फिरवत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

किंगपिनचे आटे बहुतेक ट्रकांत इंचाला २४ असतात, म्हणजे नटाच्या एका पूर्ण फेऱ्याला साधारण १ मिलिमीटर दाब. बुशिंगची उंचीच जेमतेम दीड सेंटिमीटर. दोन-तीन फेरे जास्त आवळले की बुशिंग फुगतं, मध्यभागी कडक होतं आणि त्याचा प्रवास संपतो. मग बोर्ड आधी झुकत नाही आणि झुकला की एकदम अडतो. अडला की बाहेरच्या बाजूच्या चाकांवरचा भार सुटतो आणि मागचा भाग घसरतो. पुष्कळ जण ते चाकाची पकड कमी पडली असं समजून नवी चाकं घेतात.

आधी प्ले शोधा

दुसरं काहीही करण्याआधी बोर्ड उलटा धरा. एका हाताने डेक (बोर्डाची फळी) दाबून ठेवा आणि दुसऱ्या हाताने हँगरचं, म्हणजे एक्सल धरणाऱ्या आडव्या भागाचं, एक टोक पकडून पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे ढकला. बुशिंग दाबलं न जाता हँगर हलला, ‘टक’ असा आवाज आला, तर प्ले आहे. मागच्या ट्रकमध्ये तो असेल तर थरथर येणारच, मग नट कितीही आवळा.

पहिला संशय पिव्हट कपावर घ्या. तो प्लॅस्टिकचा किंवा युरेथेनचा छोटा कप हळूहळू अंडाकृती होतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हँगर काढा, पिव्हटचं टोक पुसा, कपात बसवून हलवून पाहा. सैल असेल तर नवा कप घाला. नवा मिळेपर्यंत पातळ प्लॅस्टिकची पट्टी आत सारून काम निभावतं, पण ती निभावणीच. कप करकरत असेल तर किंचित साबण किंवा सिलिकॉन ग्रीस पुरतं. माझ्या त्या दोन महिन्यांचं कारण मागच्या ट्रकचा कप होता आणि मी पाना चालवत होतो पुढच्या ट्रकवर.

मग बुशिंगची बैठक पाहा. बुशिंग बेसप्लेटच्या (ट्रकचा डेकला बोल्टने जोडलेला तळ) खोबणीत सैल बसत असेल तर ते बाजूला सरकतं आणि वळणाच्या सुरुवातीला एक रिकामी जागा जाणवते. वॉशर बुशिंगच्या मापाचाच हवा. वाटीसारखा वॉशर बुशिंगची कड धरून ठेवतो आणि प्रतिकार वाढवतो, चपटा वॉशर त्याला पसरू देतो. हा फरक लहान वाटतो, पण कडकपणाची एक पायरी बदलल्याइतका जाणवतो.

शेवटी चाकं. साध्या ८ मिमी एक्सलवर दोन बेअरिंगांमध्ये १० मिमीचा स्पेसर, म्हणजे छोटी नळी, असेल तर एक्सल नट पूर्ण आवळता येतो आणि चाक तरीही मोकळं फिरतं. स्पेसर नसेल तर नट आवळला की बेअरिंग अडतं आणि सैल ठेवला की चाक एक्सलवर डुलतं. स्लॅलममध्ये हा डुलणारा एक मिलिमीटर दर वळणाला दोनदा भरावा लागतो. स्पेसर ही ट्रकवरची सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही.

आता कोन, आणि इथे थोडं गणित

ट्रक ज्या अक्षाभोवती फिरतो तो अक्ष पिव्हटमधून आणि बुशिंगच्या मध्यातून जातो. हा अक्ष जमिनीशी किती अंशाचा कोन करतो त्यावर सगळं अवलंबून आहे. अक्ष आडवा असेल तर बोर्ड नुसता झुकेल, वळणार नाही. जितका उभा, तितकं जास्त वळण. नियम असा: एक्सलच्या वळणाचा टॅन = अक्षाच्या कोनाचा टॅन × झुकावाचा साइन.

बोर्ड १५ अंश झुकवला असं धरू. ६० अंशांचा ट्रक सुमारे २४ अंश वळतो, ५० चा १७, ४० चा १२ आणि ३० चा साडेआठ.

पुढे-मागे दोन्हीकडे ५० अंश असलेला बोर्ड घ्या, दोन्ही एक्सलमधलं अंतर ४५ सेंटिमीटर. १५ अंश झुकावाला त्याच्या वळणाची त्रिज्या साधारण ७३ सेंटिमीटर येते. आता पुढे ६० आणि मागे ३० करा. त्रिज्या येते ७५. म्हणजे बोर्ड जवळजवळ तेवढाच वळतो! मग बदललं काय? वळणाचा केंद्रबिंदू बाजूला, बोर्डाच्या मध्यासमोर होता, तो मागच्या एक्सलच्या पुढे जेमतेम ११ सेंटिमीटरवरच्या बिंदूसमोर येतो. पुढचं टोक झपकन फिरतं आणि मागची चाकं जवळजवळ सरळ रुळावर राहतात. मागच्या पायाला ढकलायला भक्कम काहीतरी मिळतं, आणि पंपिंगमधून, म्हणजे पाय जमिनीला न लावता नुसत्या वळणांनी ढकलण्यातून, वेग निघतो तो तिथूनच. मागचा ट्रक खूप वळणारा असेल तर तो ढकलल्यावर बाजूला पळतो. तुम्ही घाम गाळता आणि बोर्ड जागच्या जागी नाचतो.

थरथरीचं मूळही इथेच आहे. उतारावरच्या वेगात मागचा ट्रक स्वतः दिशा ठरवायला लागला की प्रत्येक छोटी चूक तो मोठी करतो. म्हणून पुढचा जास्त कोनाचा, मागचा कमी कोनाचा. स्लॅलमच्या सेटअपचं सार एवढंच. दोन्ही ट्रक सारखे लावलेला लाँगबोर्ड घेऊन कुणी शंकूंमध्ये शिरलं तर ‘वळत नाही की थरथरतो’ हा पेच पाठ सोडत नाही. दोन्ही ट्रक सारखे असताना एकाचा फायदा दुसऱ्याच्या तोट्यात निघतो.

याची एक किंमत आहे आणि ती आधीच माहीत असलेली बरी. स्थिर वळणात पुढे ६०, मागे ३० असेल तर मागची चाकं पुढच्यांपेक्षा सुमारे ६ सेंटिमीटर आतून जातात. पुढची चाकं शंकू सफाईने चुकवतात आणि मागचं चाक त्याला लाथ मारून जातं. बोर्ड वेळेवर वळत असूनही शंकू पडत असतील, तर व्हिडिओ मागून काढा आणि पाडणारं चाक कुठलं ते पाहा. मागचं असेल तर मागच्या ट्रकचा कोन तीन-चार अंशांनी वाढवा, किंवा दोन ट्रकमधलं अंतर एक भोक कमी करा, किंवा शंकूपासून जरा लांबून जायची सवय लावा. तिसरा उपाय फुकट आहे, म्हणून तो कुणी करत नाही.

कोन बदलायचा कसा

बेसप्लेटच वेगळ्या कोनाची मिळत असेल तर उत्तम. रँडल आर-टू या ट्रकच्या बेसप्लेट ५०, ४२ आणि ३५ अंशांच्या निघाल्या आहेत आणि हँगर तोच राहतो. नाहीतर डेक आणि बेसप्लेटमध्ये वेज, म्हणजे चक्क पाचर, घालायची. पाचरीची जाड बाजू बोर्डाच्या मध्याकडे ठेवली की कोन वाढतो, टोकाकडे ठेवली की कमी होतो. पुढच्या ट्रकला जाड बाजू आत, मागच्याला जाड बाजू शेपटीकडे. किंगपिन पारंपरिक (बोर्डाच्या मध्याकडे) असो की उलटा (टोकाकडे), हा नियम बदलत नाही. बेसप्लेटच्या ८० मिलिमीटर लांबीवर ७ मिलिमीटर जाडीचा फरक म्हणजे ५ अंश.

पाचर कडक प्लॅस्टिकची घ्या. मऊ रबराची पाचर वळणात दबते आणि कोन दर वेळी थोडा वेगळा मिळतो. मग ‘काल बरोबर होतं, आज काय झालं’ सुरू होतं. बोल्ट लांब लागतील आणि ते तिरके बसतील, म्हणून पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळा. पाचरीमुळे बोर्डाची उंचीही थोडी वाढते. मागच्या बाजूला ती नको असेल तर दुसऱ्या टोकाला अगदी पातळ होणारी पाचर निवडा.

छापलेल्या कोनावर आंधळा विश्वास ठेवू नका. काही जण किंगपिनचा कोन सांगतात, काही पिव्हटच्या अक्षाचा, आणि बुशिंगची उंची बदलली की खरा अक्षही थोडा हलतो. घरच्या घरी मोजता येतं. जमिनीवर मोठा कागद पसरून बोर्ड ठेवा, डेकवर आडवा फोन ठेवून त्यातल्या अंशमापकावर १५ अंश येईपर्यंत एकाने डेक दाबून धरायचा. दुसऱ्याने दोन्ही एक्सलच्या रेषा कागदावर उमटवायच्या. न झुकवता काढलेल्या रेषेशी त्या किती अंश करतात ते मोजा आणि वरच्या आकड्यांशी ताडून पाहा. पुढचा १७ आणि मागचाही १५-१६ आला, तर दुखणं सापडलंच.

टाइट स्लॅलमसाठी, म्हणजे शंकू साधारण दीड ते दोन मीटरवर असतात तेव्हा, मी पुढे ५५ ते ६० आणि मागे २५ ते ३५ पासून सुरुवात करतो. जायंट स्लॅलममध्ये शंकू लांब आणि वेग जास्त, तिथे पुढचा ५० च्या आसपास पुरतो आणि मागचा आणखी खाली नेता येतो.

मग बुशिंग, आणि एक फसवी गोष्ट

पुढच्या ट्रकखाली पाचर घातली आणि तो आधीपेक्षा घट्ट वाटायला लागला, असं खूप जणांचं होतं. पाचर चुकली नाही. ६० अंशांच्या ट्रकमध्ये डेक एक अंश झुकवायला हँगरला जवळजवळ दोन अंश फिरावं लागतं, ३० अंशांच्या ट्रकमध्ये सव्वा अंशसुद्धा नाही. बुशिंग तेच, पण पुढे ते जास्त दाबलं जातं. म्हणून जास्त कोनाच्या ट्रकला मऊ बुशिंग लागतं आणि कमी कोनाच्या ट्रकला कडक. कोन बदलला की बुशिंग बदलायचंच. ते न बदलता नट सैल केला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा उमगली. स्लॅलमचा डेक पिळाला कडक असतो, त्यामुळे पुढचा आणि मागचा ट्रक एकत्रच झुकतात. मागे दगडासारखं बुशिंग घातलं तर पुढचा ट्रकही झुकत नाही. ‘पुढचा वळत नाही’ या तक्रारीचा इलाज अशा वेळी मागच्या बुशिंगमध्ये असतो. मागच्याला स्थिर करायचं ते कोन कमी करून. कडक बुशिंगवरची भिस्त शक्य तितकी कमी ठेवा. डेक पिळाला लवचिक असेल तर हा हिशोब सौम्य होतो, पण मग पंपिंगचा जोरही डेकमध्येच जिरतो.

आकडे वजनावर अवलंबून आहेत. साधारण ७० किलोच्या माणसाने पुढे ८३ ते ८७ ए आणि मागे ८८ ते ९२ ए या पट्ट्यात सुरुवात करावी, हा माझा अंदाज. (‘ए’ हे युरेथेनच्या कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकं कडक.) वजन कमी असेल तर दोन्हीकडे एक पायरी मऊ. आकाराबद्दल एवढंच: प्रत्येक ट्रकला दोन बुशिंग, त्यांत पुढच्या ट्रकला डेककडे नळकांड्यासारखं बॅरल, रस्त्याकडे शंकूसारखं कोन. (हा तिसरा कोन, माफ करा.) असं केलं की पुढचा ट्रक मोकळा वळतो. मागे दोन्हीकडे बॅरल. बॅरल कडेपर्यंत प्रतिकार करतं आणि परत मध्यावर ढकलतं, शंकूचा आकार लवकर वाट देतो.

युरेथेन थंडीत कडक होतं आणि उन्हात मऊ. दुपारी जमवलेला सेटअप पहाटे वळत नाही, याचं कारण बहुधा हेच. अशा वेळी नट फिरवू नका, दहा मिनिटं बोर्ड चालवून बुशिंग गरम होऊ द्या. नवं बुशिंगही पहिल्या काही फेऱ्यांत थोडं सैलावतं, म्हणून बसवल्या दिवशी निकाल लावू नका.

आता नट. वॉशर बोटाने फिरायचा थांबेपर्यंत आवळा, त्यापुढे अर्धा ते एक फेरा. त्यावरही सैल वाटलं तर बुशिंग कडक घ्या, घट्ट वाटलं तर मऊ घ्या. जमल्यावर नट आणि किंगपिनवर रंगाची एक रेघ ओढा. पुढच्या आठवड्यात बोर्ड वेगळा वाटला तर आधी ती रेघ पाहा. सरकली असेल तर नटातलं नायलॉन झिजलंय, नट बदला.

तरीही नवे ट्रक घ्यायचेच असतील तर

रुंदी आधी पाहा. टाइट स्लॅलमला अरुंद ट्रक हवेत, कारण रुंद ट्रकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला वेळ लागतो. डेक रुंद आणि ट्रक अरुंद असेल तर टाचेखाली चाक नसतं आणि कड दाबल्यावर बोर्ड कलंडल्यासारखा वाटतो. डेकच्या रुंदीच्या जवळपास राहा.

जोडी वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी बिघडत नाही. उलट, स्लॅलममध्ये तीच जुनी रीत आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या ला कोस्टाच्या उतारांवर शर्यती रंगायच्या, तेव्हापासूनची बेनेट आणि ट्रॅकर ही नावं. झटकन वळणारा बेनेट पुढे आणि शांत ट्रॅकर मागे, ही जोडी टाइट स्लॅलममध्ये वर्षानुवर्षं चालली. पुढे प्लॅस्टिकची बेसप्लेट असेल तर पिव्हटच्या भोवती बारीक तडा गेलाय का, ते अधूनमधून बघत जा. सेस्मिकसारख्या स्प्रिंगच्या ट्रकांचं वागणं थोडं वेगळं, पण कोनाचा हिशोब तोच.

सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) कापलेले महागडे ट्रक प्ले जवळजवळ संपवतात. काहींमध्ये पिव्हट कपाच्या जागी गोलाकार बेअरिंगच असतं. पण तेही दोन्हीकडे ५० अंशांचे लावले तर थरथरतातच, फक्त अधिक अचूकपणे. पैसे मोजकेच असतील तर चांगला ट्रक मागे लावा. पुढच्या ट्रकमधला थोडा प्ले पाय सांभाळून घेतात, मागच्यातला सांभाळत नाहीत.

चाचणी

एका वेळी एकच बदल. दहा शंकू, सगळे १.८ मीटरवर, तोच उतार, तीच चाकं. प्रत्येक बदलानंतर निदान पाच फेऱ्या, आणि वहीत पुढचा कोन, मागचा कोन, चारही बुशिंग, नटाची जागा आणि हवा थंड होती की गरम एवढं लिहून ठेवा. वही नसेल तर तीन आठवड्यांनी तुम्ही आधीच करून सोडलेला बदल नव्याने कराल. मी केलाय, दोनदा.

बोर्ड कायम एकाच बाजूला ओढत असेल तर वरचं काहीच करू नका. हँगर दोन्ही बाजूंनी बसणारा असेल तर काढून उलटसुलट बसवून पाहा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर एक्सल किंवा हँगर वाकलाय. त्याच बाजूला राहिली तर बेसप्लेटची भोकं किंवा डेक तिरका आहे. आणि उतारावर काहीही तपासायला जाताना हेल्मेट घाला, कारण चुकलेला सेटअप कळतो तो नेमका सगळ्यात जास्त वेगात.